अण्णांच्या बोटांची मराठी

तुमच्या बोटांना येणारी मराठी कुणाच्या मालकीची आहे, हे तुम्ही कधी स्वतःला विचारलंय? मी विचारलं होतं. पत्रक छापून, नांदेडच्या कॉलेजांच्या फाटकांवर वाटून विचारलं होतं. मात्र ज्याच्या बोटांना ते आधी विचारायला हवं होतं, तो माणूस घरात माझ्या शेजारी बसून ते पत्रक तपासत होता.

अण्णा म्हणजे माझे वडील. सरकारी कार्यालयात मराठी टंकलेखक, आणि कर्मचाऱ्यांची पत्रकं लिहिणारा माणूस. मी अक्षरं पत्रकांवर शिकले, गणितं पाठकोऱ्या पत्रकांवर सोडवली. बारावीला लातूरला कोचिंगला गेले, तर हे गृहस्थ क्लासच्या फीविरुद्धची पत्रकं घेऊन त्याच क्लासच्या दारात उभे. होस्टेलच्या मुली म्हणाल्या, "तुझे अण्णा बाहेर वाटून राहिले अन् तू आत पाठ करून राहिली. दोघांतलं एक कोणतरी खरं बोला की!" मी रडकुंडीला येऊन त्यांना जाब विचारला. ते शांतपणे म्हणाले, "फी भरली ती बापानं. पत्रक वाटलं ते नागरिकानं. त्या दोघांचं भांडण मी मिटवतो, तू फिजिक्स बघ."

फिजिक्स काही मला बघवलं नाही. मी नांदेडला परत येऊन साध्या पदवीला बसले आणि जुना लॅपटॉप घेतला. दुकानदारानं त्यात सगळं भरून दिलं. "दीदी, विंडोज, वर्ड, मराठी, सब डाल के देतूं, फिकर नक्को." माझ्या लॅपटॉपचा खरा उपयोग मात्र अण्णांनीच केला. निवृत्त झाल्यावर दुपारचं जेवण झालं की ते त्यावर बसायचे आणि भूकंपाबद्दल लिहायचे.

किल्लारीच्या भूकंपानंतर त्यांना टाइपरायटरसकट एका गावात पाठवलं होतं. तंबूत बसून त्यांनी गेलेल्यांच्या याद्या टाइप केल्या. "यादीत नाव बसलं, वय बसलं, गाव बसलं. माणूस तेवढा बाहेर राहिला," असं ते म्हणायचे. बाहेर राहिलेली ती माणसं त्यांना आता लिहायची होती. दुकानदारानं टाकलेल्या मराठी फॉन्टमध्ये प्रत्येक कळ टाइपरायटरवर असते तिथंच होती, त्यामुळं त्यांची बोटं न बघता धावायची. त्या आवाजावरून आईला स्वयंपाकघरात कळायचं, आज चहा द्यायचा की थांबायचं.

अशा दिवसांत मी मुक्त सॉफ्टवेअरच्या एका शिबिराला गेले आणि पेटून घरी आले. जो प्रोग्राम उघडून बघता येत नाही, बदलता येत नाही, दुसऱ्याला देता येत नाही, तो आपल्या घरात कशाला? मी अण्णांना सांगितलं, विंडोज काढून लिनक्स ही मुक्त प्रणाली टाकायची. वर हेही सांगितलं, की आपल्याकडं आहे ते सगळं चोरीचं आहे, तुमच्या मराठी फॉन्टसकट.

त्यांचा हात कळांवरून उचलला गेला.

"चोरीचं? म्हणजे मी गेलेल्या माणसांबद्दल चोरीच्या मालावर लिहून राहिलो?"

"सगळ्यांचंच असतं अण्णा."

"सगळ्यांचं मला सांगू नको. आजच काढ."

त्यांचं लिहिलेलं सगळं मी आधी पेनड्राइव्हवर घेतलं. मग जुनं पुसलं, नवं टाकलं. वायफाय चालेना, मोबाइल तारेनं जोडून तेही चालवलं. अण्णांच्या फाइली उघडल्या तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा नुसता कचरा, कारण त्या जुन्या फॉन्टशिवाय ती मराठी मराठीच राहत नव्हती. ते बदलून देणारं साधन शोधलं, तुटलेली जोडाक्षरं हातानं सांधली, आणि एकूण एक पान परत आणलं. मी विजयी मुद्रेनं खुर्ची त्यांच्याकडं सरकवली.

त्यांनी टाइप केलं आणि भलतंच उमटलं. लिनक्समध्ये मराठी होतं, उत्तम होतं, पण त्याच्या कळा वेगळ्या जागी होत्या. टाइपरायटरची मांडणी शोधली तर मला हिंदीची सापडली, आणि ती मराठीशी जुळेना. इंग्रजी स्पेलिंग टाइप करून मराठी उमटवायचा मार्ग मी सुचवला, तर म्हणाले, "मराठी लिहायला आधी इंग्रजीच्या दारात उभं राहू?" मग त्यांनी नव्या मांडणीचा कागद भिंतीला चिकटवला आणि शाळकरी पोरासारखे गिरवायला बसले. अक्षर शोधून, चष्मा वर करून, एकेक. आईला आता आवाजावरून काहीच कळेना.

एक दिवस म्हणाले, "शब्द डोक्यातून निघतो, बोटात उतरतो, अन् तिथं त्याला कुणी ओळखतच नाही. माघारी जातो."

मी घाबरले. म्हटलं, "जुनं परत टाकते. दुकानात नेलं की झालं."

"अन् पत्रकाचं काय?"

ते पत्रक. यंत्र आपलं हवं, भाषा आपली हवी, चोरी आणि मक्तेदारी दोन्ही नको, असं मी लिहिलं होतं आणि त्यांनी तपासलं होतं. खाली दोघांची नावं होती.

"पाळायचं नव्हतं तर लिहायचं कशाला, बाई?"

आई दारातून म्हणाली, "मग रीतसर विकत घ्या की ते मराठी. न्हाई चोरी, न्हाई काही."

मी आणि अण्णा एकदमच बोललो. आपल्याच भाषेचं भाडं का द्यायचं, वगैरे. आईनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "लई शहाणी हाव दोघं. बोलता एका सुरात, अन् लिहिणारं एकही न्हाई."

मी त्यांना म्हटलं, तुम्ही सांगा, मी टाइप करते. आम्ही बसलो. पाच-सहा वाक्यं झाली आणि ते उठले. तोंडानं सांगितलं की भाषण होतं, म्हणाले. वाचून पाहिलं, खरंच भाषण झालं होतं. पेनानं लिहिणं त्यांना कधीच जमलं नव्हतं. त्यांचं अक्षर त्यांनाच लागायचं नाही.

मग मी स्वतः मांडणी बनवायला घेतली. मुक्त सॉफ्टवेअरचा अर्थच तो, नसेल ते बनवा. अण्णा डोळे मिटून बोटं हलवायचे आणि कुठल्या बोटाखाली काय, ते सांगायचे. मी लिहून घ्यायचे. ते दिवस चांगले गेले. निम्म्याहून जास्त कळा बसल्या, आणि पहिल्या वेलांटीपाशी गाडी अडली. टाइपरायटरवर ती अक्षराच्या आधी मारतात, संगणकाला ती अक्षरानंतर लागते. हा उलटा क्रम सुलटा कसा करायचा, ते मला येईना. आमच्या मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांच्या गटात विचारलं. उत्तर आलं, "काका अजून टाइपरायटरवरच आहेत का? नवी मांडणी शास्त्रीय आहे, शिकवा त्यांना." दुसऱ्यानं हसरा चेहरा टाकला. मी भांडले, तावातावानं लांबलचक लिहिलं. भांडण्यात गेलेली शक्ती शिकण्यात घातली असती तर वेलांटी बसली असती, असं आता वाटतं. नंतर परीक्षा आल्या, फीवाढीचं आंदोलन आलं, आणि ते काम अर्धंच राहिलं.

लिनक्स अजून आहे. मी हे त्याच्यावरच लिहितेय, आणि विचार म्हणून मला त्यात आजही काही चूक दिसत नाही. पण अण्णांची फाइल तंबूपुढं दुसऱ्यांदा आलेल्या एका बाईपाशी थांबली आहे. तिला यादीत काय बदलून हवं होतं, ते मी विचारलं. अण्णा म्हणाले, "लिहिताना येईल." आता दुपारी ते पेपर वाचतात आणि पेपर वाचून झाला तरी धरून बसतात. स्वातंत्र्याच्या नावानं आम्ही घरात जे आणलं, त्यात एका टंकलेखकाच्या हातांना जागा नव्हती, आणि ती करून देणं कुणाला, मलाही, पुरेसं महत्त्वाचं वाटलं नाही.

म्हणून मागणं आहे. तुमच्या घरात, गल्लीत, कार्यालयात मराठी टायपिंग शिकलेलं कुणी असेल तर त्यांच्यापुढं बसा आणि त्यांच्या हातांची मांडणी कळ न कळ उतरवून घ्या. तुम्हाला प्रोग्राम लिहिता येत असेल तर ती पहिल्या वेलांटीसकट बसवा, आणि कुणालाही फुकट घेता येईल अशी उघड्यावर ठेवा. तोवर घरातलं कुठलंही यंत्र पुसण्याआधी, त्यावर लिहिणाऱ्या माणसाला नव्या यंत्रावर एक पान लिहून बघू द्या. ते पान होईपर्यंत जुनं पुसू नका.