काहिलीवाला समुद्रात

समुद्रात होडी कशी वल्हवावी हे मला सगळं माहीत आहे, कारण मी ती आयुष्यात एकदाच वल्हवली. जे रोज वल्हवतात ते सांगत बसत नाहीत, त्यांना वेळ नसतो. मला आहे. आमची मंडळी, चंद्रा, गेल्यापासून तर लईच आहे.

तर पहिली गोष्ट अशी, की समुद्रावर जाताना मेव्हण्याला बरोबर नेऊ नये.

आमचं गाव वडगाव रासाई, भीमेच्या काठावर. आमचा काठ शिरूर तालुक्यात, समोरचा दौंड तालुक्यात, आणि माझी सासुरवाडी बरोबर त्या समोरच्या काठाला. पूल लांब. तेव्हा लोक काहिलीत बसून नदी पार करायचे. काहील म्हणजे गुऱ्हाळात उसाचा रस आटवायची ती भली थोरली, उथळ लोखंडी कढई. गुऱ्हाळ बंद झालं की ती घासायची, पाण्यात सोडायची, हातात फळकूट घ्यायचं आणि निघायचं. काहिलीला नाक नाही, शेपूट नाही. जिकडं जाल तिकडं तिचं पुढं! वळवायची भानगडच नाही. नियम दोनच. माणसांनी समोरासमोर तोंड करून बसायचं, म्हणजे वजन सारखं राहतं. आणि ज्या अंगाला वजन कमी, तिकडं दगड ठेवायचा. चंद्रा अंगानं काडी. म्हणून तिच्या मांडीपाशी एक काळा दगड कायम असायचा. ती आणि दगड मिळून माझ्याएवढी भरायची.

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला मी तिला माहेराहून आणायला गेलो आणि नेमका दगड विसरलो. काहिलीत मी, चंद्रा, सासूनं दिलेली करंज्यांची पाटी आणि पाय बांधलेली एक कोंबडी. काठ सोडला नाही तोच काहील माझ्या अंगाला कलली आणि उलटी झाली! पाणी छातीएवढंच होतं म्हणून निभावलं. करंज्या भीमामाईला गेल्या. कोंबडीच्या पायाची दोरी सुटली, आणि ती फडफडत, तरंगत माघारी माहेराला गेली.

आणि हे सगळं काठावर उभा राहून कोण बघत होता? रंगनाथ. चंद्राचा धाकटा भाऊ. त्या दिवसापासून लग्न असो, बारसं असो, साखरपुडा असो, हा पंगतीत उभा राहून सुरू:

"आमच्या दाजींच्या हातात बहीण दिली, त्यांनी ती पयल्याच दिवाळीला बुडवली! ताईपरास कोंबडी शहाणी, ती माघारी आली!"

त्यानंतर सगळी हयात मी चंद्राला त्याच काहिलीतून माहेरी नेलं आणि आणलं. पाऊल भिजू दिलं नाही. पण न बुडालेल्या बायकोची गोष्ट पंगतीत कोण सांगतो?

पुढं आमचा पोरगा दत्ता कारेगावला कंपनीत लागला. मोबाइल नुकतेच गावात शिरले होते त्या सुमारास कंपनीनं कोकणात सहल काढली, घरच्या माणसांसकट. रंगनाथला कुणी बोलावलं नव्हतं. तो आदल्या दिवशीच पिशवी घेऊन आमच्या दारात हजर.

समुद्राच्या वाळूत रंगीत होड्या ओळीनं मांडल्या होत्या. प्लास्टिकच्या, लांबट, दोन्हीकडं निमुळत्या, वाळत घातलेल्या मिरच्यांसारख्या. त्यांना कयाक म्हणतात. दोन माणसांनी एकामागं एक बसायचं आणि दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं मारायचं, डावं-उजवं, डावं-उजवं.

मी म्हणालो, "ह्यात काय अवघाड? काहिलीची धाकटी बहीण हाय ही."

झालं! रंगनाथला तेवढंच पाहिजे होतं. कंपनीची सगळी माणसं, साहेबलोक, त्यांच्या बायका गोळा करून त्यानं करंज्यांपासून कोंबडीपर्यंत सगळं सांगितलं. कोंबडीचं पोहणं तर हात हलवून दाखवलं! साहेबाच्या डोळ्यांत हसून पाणी आलं. दत्ता खाली बघून पायानं वाळू उकरायला लागला. माझं डोकं सटकलं.

"रंगनाथ, त्यो लाल झेंडा दिसतोय का पाण्यात? तुझ्या बहिणीला घेऊन त्याला वळसा मारून येतो. कोरडी आणतो. आणली तर कोंबडीचं नाव पुन्यांदा काढायचं न्हाई."

"आन् न्हाई आणली तर?"

"तर माझ्या दहाव्यालाबी सांग!"

"आवं, मला कुणी इचारलं का?" चंद्रा म्हणाली. पण असं म्हणताना तिनं पदर खोचलेला मी बघितला.

होडीवाल्यानं दोन फुगीर जाकिटं पुढं केली.

"बाबा, घाला."

"मी भीमेत वाढलोय."

"मग भीमेत जावा. इथं जाकीट नाय, तर होडी नाय."

(दुसरी गोष्ट: जाकीट घालायचं, आणि पट्टे चांगले आवळायचे. माणूस गाभण म्हशीसारखं दिसतं, पण तरंगतं.)

"बरं, एक दगड द्या," मी म्हणालो.

"दगड कशाला?"

"हिच्या बाजूला ठेवायला. वजनाला."

होडीवाल्यानं दत्ताकडं बघितलं. दत्तानं समुद्राकडं बघितलं. "बाबा," होडीवाला म्हणाला, "एवढी वर्सं धंदा करतो, होडीत दगड मागणारं गिऱ्हाईक नाय बघितलं! ताई, तुमी पुढं. बाबा, तुमी मागं. दोघांची तोंडं समुद्राकडं. झेंड्याच्या अलीकडंच फिरायचं."

त्यानं ढकललं आणि तो माघारी वळला. तो वळल्याबरोबर मी म्हणालो, "फीर इकडं. माझ्याकडं तोंड कर."

"त्यो तर म्हनला..."

"त्याला काय कळतंय? वजन बिघडंल!"

चंद्रा बसल्या बसल्या फिरली. होडी डुगडुगली, आम्ही दोघांनी एकदम "आई गं" केलं, आणि मग समोरासमोर बसलो. आता कसं घरच्यासारखं वाटलं.

आणि काय सांगू, होडी अशी पळाली! मी एक वल्हं मारावं आणि तिनं दहा हात जावं. कोण म्हणतो म्हातारा झालो? चंद्राला नुसतं बसवलं होतं. तिचं वल्हं तिच्या मांडीवर.

"समुद्राला माणूस कळतं गं!"

"आवं, काठ लई लांब चाललाय."

"लांबच जाणार की! आपुन झेंड्याकडं चाललोय."

"तसं न्हाई. तुम्ही वल्हं थांबवलं तरी चाललाय."

(तिसरी गोष्ट, आणि ही पक्की ध्यानात ठेवा. जाताना फार सोपं वाटलं की समजायचं, वारा पाठीमागं आहे आणि ओहोटी लागली आहे. ते तुमचं मनगट नव्हे. नदी एकाच दिशेला वाहते, तिचा भरवसा धरता येतो. समुद्र कधी येतो, कधी जातो. तेव्हा निघायच्या आधी होडीवाल्याला विचारायचं, की बाबा, आज ह्याचा विचार काय आहे?)

झेंडा आला. झेंडा गेला! मी थांबवायला बघतो तर कसलं काय. आता वळायचं. पण मी जन्मात कधी होडी वळवलीच नव्हती, काहिलीला वळण कुठलं? डावीकडं मारलं, होडी आडवी झाली. लाट आली, मी घाबरून उजवीकडं मारलं, होडी पुन्हा समुद्राकडं तोंड करून उभी. बैल जसा गोठ्याकडं जायला अडतो, तशी.

"चंद्रे, बघत काय बसलीस? मार वल्हं! दोघं मिळून जोर लावू!"

तिनं वल्हं उचललं. लावला जोर! आम्ही दोघं घामाघूम. पाणी उडतंय, होडी थरथरतेय, आणि हलायला मात्र तयार नाही. मी माझ्या पुढं वल्हवत होतो, म्हणजे समुद्राकडं. ती तिच्या पुढं वल्हवत होती, म्हणजे काठाकडं. समोरासमोर बसलेल्या दोन माणसांचं 'पुढं' वेगवेगळं असतं, हे एवढा संसार करून मला तिथं कळलं.

मान वळवून बघितलं तर काठावर सगळी माणसं हात हलवत होती. केवढं कौतुक! मीही वल्हं उंच करून हलवलं. (नंतर कळलं, ते "माघारी या, माघारी या" करत होते.)

तेवढ्यात मोटारीच्या बोटीचा आवाज आला. होडीवाला आम्हाला न्यायला निघाला होता, आणि बोटीच्या टोकाला, दोन्ही हातांनी कड धरून, रंगनाथ!

"ताई! ताईऽऽ!"

बुडायची भीती नव्हती, जाकीट होतं. पण आता हा दोर बांधून आम्हाला ओढत नेणार. दत्ताच्या साहेबासमोर. आणि कोंबडी माझ्या दहाव्यापर्यंत जाणार.

चंद्रानं बोट बघितली. मग मला बघितलं.

"आवं, थांबा. वल्हं मांडीवर ठिवा."

"अगं, तुला येतंय का?"

"इतकी वर्सं काहिलीत तुमच्याम्होरं बसून काय बघत व्हते मी? तुमचं थोबाड? हात बघत व्हते की!"

मी वल्हं मांडीवर ठेवलं. आणि तिनं डावं मारलं. उजवं मारलं. डावं, उजवं. मनगट असं वळवायची, की जसा मीच. होडी हलली. काठाकडं!

बोट जवळ आली. रंगनाथनं दोर पुढं केला. "ताई, धर!"

"तूच धर, पडशील!" ती थांबली नाही. रंगनाथ पुढं काहीतरी बोलणार होता, पण लाट आली आणि तो बोटीच्या कडेवरून वाकून ओकायला लागला. होडीवाला मात्र खूश होऊन वरडला, "ताई, सरळ नको! त्या खडकाच्या आडोशानं या, तिकडं वारा नाय!" ती आडोशानं घुसली. (चौथी गोष्ट: वाऱ्याशी भांडायचं नाही. आडोसा शोधायचा.)

मी नवरदेवासारखा, हात मांडीवर, पाठ काठाकडं. मला काठ दिसत नव्हता. दिसत होतं फक्त तिचं तोंड. ओठ आवळलेले, कुंकू घामानं नाकावर उतरलेलं, नजर माझ्या खांद्यावरून पार काठाला लागलेली. रिकाम्या हातानं बसून तिच्याकडं एवढा वेळ बघायची माझी ती पहिलीच खेप. खरं सांगतो, काठ आला तेव्हा वाटलं, जरा लांब असता तरी चाललं असतं.

होडी वाळूला लागली. चंद्रा ऐटीत उतरली, घोट्याच्या वर थेंब नाही! मी उतरायला गेलो आणि गुडघाभर पाण्यात तोंडावर पडलो. टाळ्यांचा नुसता पाऊस. साहेब पुढं येऊन चंद्राच्या पाया पडला. दत्ता सगळ्यांना सांगत सुटला, "माझी आई हाय! माझी आई!"

रंगनाथ बोटीतून उतरला, पिवळा पडलेला. पण जीभ शाबूत.

"दाजी, ताई कोरडी आली, मानलं. कोंबडी बंद. पर तुम्ही काय केलं ते सांगा की!"

मी नाकातलं पाणी काढत होतो. चंद्रानंच उत्तर दिलं.

"त्यांनी व्हय? त्यांनी वजन दिलं. दगड पायजे व्हता न्हवं? सवताच झाले की."

मागल्या साली ती गेली. दहाव्याला नदीवर सगळी माणसं जमलेली. रंगनाथ माझ्याशेजारी बसलेला. मीच म्हणालो, "सांग की रं. दहाव्याची बोली हाय आपली." माझ्या दहाव्याची होती, पण तिनं तिथंही नंबर पुढं लावला. रंगनाथ उभा राहिला. "माझ्या बहिणीनं," तो म्हणाला, "भर समुद्रातनं दगड वल्हवत आणला." आणि खाली बसला. माणसं आधी हसली, मग रडली, मग पुन्हा हसली. आणि मी छाती काढून बसलो होतो, कारण तो दगड म्हणजे काही कुणीही नव्हता.

काहील आता दारात पडून आहे, शेरडं तिच्यात पाणी पितात. पोरंटोरं विचारतात, "आबा, समुद्रात होडी नेता येती का तुम्हाला?" मी म्हणतो, येती की! वल्हवणारं माणूस तेवढं तुमचं आणा. दगड आमच्याकडं आहे.