मी मोजून घेतलेली गाडी

गाडी घ्यायची ठरली तेव्हा मी मोजपट्टी घेऊन घरभर फिरत होते. शिवणाची पिवळी टेप, सासूबाईंच्या डब्यातली. आधी रकसॅक मोजली, मग गुंडाळलेला तंबू, मग दोराचं वेटोळं. खाली जाऊन आमच्या पार्किंगची जागा मोजली, खांबापासून भिंतीपर्यंत. नवरा टीव्हीसमोरून म्हणाला, "अगं, गाडी घेतेयस की कपाट?" मी म्हटलं, "तू गप रे, तुझ्या भरवशावर राहिले तर आपण बैलगाडी आणू."

अशीच आहे मी. तोंडाला फाटक नाही. मुलुंडच्या आमच्या सोसायटीत सगळ्यांना माहीत आहे, ऑफिसातही माहीत आहे, आणि आमच्या ट्रेकच्या ग्रुपमध्ये तर मला मुद्दाम शेवटी चालायला ठेवतात. मागे रेंगाळणाऱ्यांना मी आवाज दिला की ते धावत सुटतात. याचा मला आजवर अभिमानच होता.

गाडी हवी होती ती या ट्रेकसाठीच. महिन्यातले निदान दोन रविवार मी डोंगरात असते, आणि इतकी वर्षं दुसऱ्यांच्या गाड्यांत मागे, बॅगांच्या मध्ये चेंगरून गेले. दुसऱ्याच्या गाडीत चहाला थांबूया का विचारायची पण चोरी. पायथ्याच्या गावापर्यंतचा रस्ता खराब असला की गाडीवाला फाट्यावरच उतरवणार आणि आम्ही डांबर तुडवत चालणार. म्हणून मला उंच गाडी हवी होती, दगडधोंड्यांवरून पोट न घासता जाईल अशी. आणि रोजचं पण बघायचं होतं ना! कांजूरच्या सिग्नलला क्लच दाबून पाय मोडता कामा नये, भाजी आणायला न्यायला लाज वाटता कामा नये. मी व्हिडिओ बघितले, ग्रुपमधल्या प्रत्येकाचं डोकं खाल्लं, रात्री जेवताना ग्राउंड क्लिअरन्सवर भाषणं दिली. ग्राउंड क्लिअरन्स म्हणजे गाडीचं पोट जमिनीपासून किती वर ते. हे घरात मी सगळ्यांना पाठ करायला लावलं होतं. सासूबाईंनासुद्धा.

सासूबाई मालवणकडच्या. माझ्यापेक्षा सवाई तोंडाच्या. लग्न होऊन आले तेव्हा आमचं कसं जमणार याची सगळ्यांना काळजी होती, पण दोन भांडखोर बायकांचं जमतं तसं आमचं झकास जमलं. मी त्यांना आई म्हणते, त्या मला नावाने हाक मारत नाहीत, नुसतं "गो" म्हणतात. गेली काही वर्षं त्यांचे गुडघे पार गेलेत. ऑपरेशनला त्या तयार नाहीत. आठवड्यातून दोनदा रिक्षाने शेक घ्यायला जातात, बाकी घर आणि खालचं बाकडं.

त्यांची थोरली बहीण कुडाळजवळ गावात असते. ती आता घराबाहेर पडत नाही. दोघी रोज व्हिडिओ कॉल करतात, पण ती फोन कानाला लावते, त्यामुळे सासूबाईंना रोज दिसतो तो फक्त बहिणीचा कान. "आज पण कानच," असं म्हणून त्या फोन ठेवतात. जायचं तर कसं? शेवटचं गावी गेल्या होत्या तेव्हा परतताना त्या छोट्या स्टेशनात फलाट खाली नि डब्याची पायरी वर, गाडी थांबते जेमतेम. दोन अनोळखी पुरुषांनी त्यांना काखेत हात घालून पोत्यासारखं आत घेतलं होतं. घरी आल्यावर त्या चहासुद्धा प्यायल्या नाहीत. "परत कोणी माका असा उचललेला चालाचा नाय," म्हणाल्या. "मेलंय तरी ट्रेनीन जाऊचंय नाय."

म्हणून गाडीचं ऐकल्यावर त्यांनी मला स्वयंपाकघरात गाठून विचारलं होतं, "गाडी इली की माका ताईकडे नेतलस मा?"

"नेणार म्हणजे काय आई! पहिली लांबची फेरी तीच."

हे मी बोलले होते. मनापासून बोलले होते.

शोरूमला जायच्या दिवशी त्या साडी बदलून, पर्स मांडीवर घेऊन सोफ्यावर बसल्या होत्या. मी रकसॅक नि तंबू उचलत होते, कारण डिकीत प्रत्यक्ष घालून बघायचं होतं. त्यांना बघून मी म्हटलं, "आई, तुम्ही कशाला? तिथं नुसतं उभं राहायचं असतं, कंटाळाल." त्यांनी पर्स बाजूला ठेवली. "व्हय, व्हय, जावा तुम्ही."

शोरूममध्ये मी रकसॅक डिकीत घातली, काढली, तंबू आडवा घातला, उभा घातला, मागची सीट पाडून स्वतः त्यावर झोपून बघितलं. सेल्समन हसत होता. मग त्याने विचारलं, "मॅडम, घरी कुणी सिनिअर सिटिझन आहेत का? ही हाइट जरा जास्त आहे. त्यांना एकदा आणा, बसवून बघू. नाहीतर दाराखाली पाय ठेवायला फूटस्टेप लावून देतो."

"फूटस्टेप नको," मी म्हटलं. "खडकावर घासते ती. आणि आमच्या आई काय, देवळात नि डॉक्टरकडे. त्यांच्यासाठी रिक्षा आहे."

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. त्या दिवशी तो काही बोलला असता तरी मी ऐकलं नसतं.

गाडी आली ती शनिवारी. सोसायटीच्या आवारात पूजा. चाकांखाली लिंबं, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, झेंडूचा हार. सासूबाईंनी ठेवणीतली हिरवी साडी नेसली होती आणि गाडीला त्यांनीच ओवाळलं. खालच्या मजल्यावरच्या काकूंना त्या सांगत होत्या, "माझ्या सुनेन घेतल्यान. टेप लावून, सगळा मोजून." आमच्याकडे पद्धत अशी, की पहिली फेरी कोपऱ्यावरच्या गणपतीपर्यंत आणि पुढच्या सीटवर घरातलं सगळ्यात मोठं माणूस. मी स्टिअरिंगवर बसले, गाडी सुरू केली. नवऱ्याने डावीकडचं दार उघडलं.

त्यांनी उजवा पाय उचलला. तो दाराच्या कडेपर्यंत पोचला नाही. मग डावा उचलला. मग सीटला धरून परत उजवा. "थांब हां," त्या हसल्या, "साडी मेली आड येता." पेढे खात उभ्या असलेल्या बायका "हळू, आजी, हळू" करायला लागल्या. कुणीतरी मोबाइलवर शूटिंग करत होतं. मागे दुसऱ्या विंगमधल्या माणसाला गाडी बाहेर काढायची होती, त्याने हॉर्न मारला. आणि मी ओरडले.

"अहो आई, जरा जोर लावा ना! एवढं काय आहे त्यात?"

डोंगरात मागे राहिलेल्यांना देते तोच आवाज. मला वाटलं आता लवकर आटपलेलं बरं. उतरले, पलीकडे गेले, एका काखेत मी हात घातला, दुसऱ्या काखेत नवऱ्याने, आणि आम्ही दोघांनी त्यांना उचलून आत कोंबलं. साडी गुडघ्यापर्यंत वर गेली. गुडघ्याचा तो मळकट पट्टा सगळ्यांना दिसला. एक चप्पल खाली पडली, ती काकूंनी उचलून खिडकीतून दिली. देवळापर्यंत सासूबाई ती चप्पल मांडीवर घेऊन बसल्या होत्या, हिरव्या साडीवर. देवळाशी त्या उतरल्या नाहीत. "हयसूनच हात जोडतंय," म्हणाल्या. उतरलं की परत चढावं लागणार होतं.

खरं सांगायचं तर त्या वेळी मला त्यांची कीव आली नाही. माझ्या पूजेचा विचका झाला म्हणून राग आला होता, आणि सगळे बघत होते म्हणून लाज. त्यांची लाज. कोणी म्हणेल असं कसं वाटलं? पण वाटलं.

दुपारी सोसायटीच्या ग्रुपवर व्हिडिओ आला. खाली फुलांची, जोडलेल्या हातांची चित्रं नि अभिनंदन. मी तो लावला. त्यात हॉर्नपेक्षा, बायकांपेक्षा मोठा आवाज माझा. स्वतःचा आवाज असा बाहेरून मी पहिल्यांदा ऐकला. मेल्याहून मेल्यासारखं झालं. फोन पालथा टाकला आणि बाथरूममध्ये जाऊन बसले. स्टेशनवर त्यांना उचलणारे निदान अनोळखी तरी होते.

त्यानंतर सासूबाई माझ्याशी नेहमीसारख्या बोलायच्या, भांडायच्या, पण गावाचं नाव काढेनात. मी दोनदा म्हटलं, "आई, फूटस्टेप लावून घेते ना." "माझ्यासाठी काय एक करू नको. तुझ्या दगडांक घासतली." मी शोरूममध्ये काय बोलले ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मीच घरात इतक्या वेळा भाषण दिलं होतं, त्यांना पाठ होतं सगळं. माफी मागायला मी दोनदा त्यांच्या खोलीच्या दारापर्यंत गेले आणि डाळ भिजत घालायची का, असं काहीतरी विचारून परत आले. एवढी तोंडाळ बाई मी, पण ते चार शब्द निघेनात.

रोज गाडीने ऑफिसला जायचं माझं स्वप्न पण पवईत पार्किंग मिळेना म्हणून बारगळलं होतं. मी परत ऑफिसच्या बसने जायला लागले. गाडी दिवसभर खाली उभी. एक दिवस पित्ताने डोकं उठलं म्हणून मी दुपारीच घरी आले. गेटमधून पार्किंगकडे वळले तर आमच्या गाडीचं डावं दार उघडं. वाटलं, चोर. खांबाआड उभं राहून बघितलं.

सासूबाई होत्या. सोबत खालच्या काकू, आणि काकूंनी दोन्ही हातांनी दाबून धरलेलं आमच्या मोरीतलं निळं प्लॅस्टिकचं स्टूल. सासूबाईंनी स्टुलावर पाय ठेवला, वरचं हँडल पकडलं, पाठमोऱ्या होऊन आधी सीटच्या कडेला टेकल्या. मग हाताने एक पाय उचलून आत घेतला, मग दुसरा. जरा वेळ नुसत्या बसून राहिल्या, समोरच्या भिंतीकडे बघत. मग उतरल्या आणि परत पहिल्यापासून. तोंडाने दरवेळी "आई गे" निघत होतं.

काकू म्हणाल्या, "अहो, सुनेला सांगा की. ती धरेल तुम्हाला."

"नको गो. तिका सांगू नको हां. तिका माझी लाज वाटता."

काकू काहीतरी पुटपुटल्या.

"वाटतलीच. तिचो दोष नाय तो," सासूबाई म्हणाल्या, आणि परत स्टुलावर पाय ठेवला.

पुढे जावं, पायावर डोकं ठेवावं, असं वाटलं. पण मग मी बघितलं हे त्यांना कळलं असतं. ज्या बाईने सुनेच्या नजरेपासून लपून हे सगळं चालवलंय तिच्यासमोर उभं राहायचं तरी कोणत्या तोंडाने? मी मागच्या जिन्याने वर गेले. त्या वर आल्या तेव्हा मी चहा टाकला होता. त्यांनी किल्ली पदराखालून खुंटीला लावली. हातातल्या स्टुलाकडे माझं लक्ष गेलं तशा म्हणाल्या, "बाहेरच्या नळार धुवूक नेललंय." मी म्हटलं, "बरं केलंत, शेवाळलं होतं."

पुढच्याच शनिवारी मी फूटस्टेप लावून आणली. घरी सांगितलं, टपावर सामान बांधायला चढावं लागतं, त्यासाठी. सासूबाईंनी गॅलरीतून वाकून खाली बघितलं. बराच वेळ बघत होत्या. संध्याकाळी कांदा चिरता चिरता म्हणाल्या, "ताय म्हणता, येवा एकदा. जमतला काय गो तुका?"

"पुढच्या शनिवारी निघू," मी म्हटलं, आणि त्यांच्या पुढ्यातला कांदा ओढून मीच चिरायला लागले.

शनिवारी सकाळी सामान डिकीत गेलं. तंबूच्या जागी बहिणीसाठी घेतलेली गादी, अगदी मापात बसली. नवरा मागे बसला. मी स्टिअरिंगवर. सासूबाई डाव्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या. तीच हिरवी साडी. नवरा उतरायला लागला तशी त्यांनी त्याला हाताने थांबवलं.

मग मला म्हणाल्या, "गो, तू पुढे बघ. हंय बघू नको. बसलंय की सांगतंय."

इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे स्वतःसाठी काही मागितल्याचं मला आठवत नाही. एक गाव, आणि आता हे.

मी पुढे बघितलं. समोर गेट, गेटवर पाण्याच्या टँकरची पाटी. डावीकडचा आरसा मी आधीच बटण दाबून मिटवला. फूटस्टेप करकरली. हँडलवर बांगड्या वाजल्या. श्वास, जोरात. "आई गे." मग काहीच नाही, मग साडी सरकल्याचा आवाज, मग दुसरा पाय आत घेताना पुन्हा श्वास. ओरडायचं सोडा, मी हललेसुद्धा नाही. दार लागलं.

"बसलंय," त्या म्हणाल्या. "चल."

डोळे पुसायला हात वर केला असता तर त्यांना कळलं असतं. मी तशीच पुढे बघत गाडी गेटबाहेर काढली.