गोंदण आणि हिरवी कड

१४ मे. काम साधंच होतं: एका म्हातारीचा मोबाईलवरचा फोटो मोठा करून भिंतीवर लावण्याजोगा करायचा. दुसऱ्या दिवशी तिचा तेरावा होता.

मानवतला माझा फोटो स्टुडिओ आहे. निम्मी कामं लग्नाची, उरलेली गेलेल्या माणसांची. त्यांचा बहुधा एकच फोटो सापडतो, आणि तोही मागे ऊन ठेवून काढलेला. हाही तसाच होता. पांढुरक्या पदराच्या एका कडेला जांभळी रेघ, दुसऱ्या कडेला हिरवी. साध्या भिंगातून लख्ख उजेड आला की कडांवर रंग फाटतात. मोबाईलवर कळत नाही. मोठा केला की डोक्याभोवती उठून दिसतं.

संगणकात त्यावर सोपा उपाय आहे. जांभळ्याची एक पट्टी, हिरव्याची एक. सरकवली की तो रंग उतरतो. लग्नसराईची घाई होती, मी दोन्ही पट्ट्या शेवटपर्यंत ओढल्या. रेघा गेल्या. कपाळावर आणि हनुवटीवर राखाडी ठिपके उरले, ते घाण समजून पुसले. छापला, फ्रेम केली.

संध्याकाळी तिचा मुलगा आला. पुण्याला कंपनीत असतो. सोबत बहीण, देवगाव फाट्याकडे दिलेली.

"छान झालाय, मॅडम," तो म्हणाला.

बहिणीने फ्रेम उजेडाकडे वळवली. "दादा, ही कोण हाय?"

"कोण म्हंजे? माय."

"मग मायचं गोंदण कुठंय?"

तेव्हा मला उमगलं. गोंदण हिरवं असतं. कडेच्या रेघेबरोबर पट्टीने त्याचाही रंग नेला, आणि उरलेलं मी पुसलं.

"चूक माझी आहे," मी म्हणाले. "मूळ फोटो आहे. सकाळी दुसरा देते."

"राहू द्या हो. चांगली दिसायलीय की. गोंदण कोण बघतंय आता?"

"तुला काय," बहीण म्हणाली. "तू तवा गावातच होतास, तोंड बघितलंस. मी सेलूपर्यंत आले होते, तवर तू जाळून मोकळा!"

"ऊन बघितलंस का? किती वेळ ठेवायचं?"

"मी येईपर्यंत."

त्याने फ्रेम काखेत मारली आणि गाडीकडे गेला. ती मागे राहिली. "ताई, खरा हाय ना तुमच्याकडं?"

मी मूळ फोटो पडद्यावर काढला. बाहेर हॉर्न वाजत होता. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा ती उठली.

सकाळी लवकर दुकान उघडलं. या वेळी पट्टीला हात लावला नाही; ब्रशने फक्त पदराच्या आणि केसांच्या कडेवरून रंग काढला, चेहरा होता तसा ठेवला. फ्रेम करून स्कूटीवर त्यांच्या गावी नेला.

मांडवात चुली पेटल्या होत्या. पाटावर कालचीच फ्रेम, हार घातलेली. भावाने मला पाहिलं आणि आचाऱ्याशी बोलायला वळला. बहिणीने माझी फ्रेम घेतली, कपाळापासून हनुवटीपर्यंत नीट पाहिली, एका जुन्या लुगड्यात गुंडाळली आणि आपल्या पिशवीत तळाशी ठेवली.

"जेवून जा, ताई."

थांबले नाही. दुकानात नवरदेवाकडची माणसं खोळंबली होती.