घरगुती पाव न फुगल्याबाबत

विषय : वरीलप्रमाणे.
संदर्भ : शेजारी सलीमभाईंचा तोंडी शेरा, "बाबूजी, तुमी पाव नाही, घाई भाजून राह्यले!"

शेरा मान्य. निवृत्त कारकुनाकडे किस्से कागदांसारखे साचतात. एक ओढावा तर खालून चार निघतात. हे सगळे माझ्याच विरोधातले आहेत.

*

निवृत्तीनंतर हौसेनं ओव्हन घेतला. पहिल्या दिवशी मैदा मळून झाकला आणि दर पाच मिनिटांनी झाकण उघडून पाहिलं.

सौ. म्हणाली, "अवो, ऑफिसात वरीस वरीस फाईल उघडत नव्हते, अन् आता काहून सारखं झाकण उघडून राह्यले?"

*

शेवटी न फुगताच ओव्हनमध्ये सरकवला. निघाला तो दाराला टेकू म्हणून उत्तम! सौ.नं गायीपुढे टाकला. गायीनं हुंगला, माझ्याकडे पाहिलं आणि शेजारच्या दारात गेली.

*

दुसरा फुगला, पण मी गरमच कापला. आतून नुसता गिचका! माझे जुने सहकारी वानखडे बोटाला चिकटलेला तुकडा पाहून म्हणाले, "वरून मंजूर, आतून त्रुटी!"

*

सलीमभाईंची बेकरी होती. त्यांचे वडील वारले, तेव्हा दुकानाच्या जागेवर नाव चढवायला ते माझ्याच टेबलाशी यायचे. दर खेपेला नानकटाई आणायचे. मी खायचो आणि सांगायचो, "कागद पिकू द्या, सलीमभाई."

अकरा महिने पिकला. कागदात काहीही कमी नव्हतं.

*

याच सलीमभाईंनी मंगरूळपीरला मुलीकडे जाताना खमिराची बरणी माझ्या हवाली केली. खमीर म्हणजे आंबवलेलं पीठ. त्यातलं थोडं नव्या पिठात घातलं की पाव फुगतो. हे त्यांच्या अब्बांच्या हातचं, रोज पीठ-पाणी घालून जगवलेलं. बेकरी केव्हाच बंद पडली. अब्बांचं म्हणून एवढंच उरलं होतं.

"रोज दोन चमचे पीठ, थोडं पाणी. बाकी सोने दो, बाबूजी. झोपलेल्या लेकराले हलवून कोणी विचारते का, झोपलं का म्हणून?"

तिसऱ्या दिवशी ते मला सुस्त वाटलं. बरणी गच्चीवरच्या टिनावर नेऊन ठेवली. वाशीमच्या एप्रिलमधल्या उन्हात! संध्याकाळी पाहतो, तर खमीर शिजलं होतं.

मी बरणी धुतली. बाजारातून यीस्ट आणलं, पीठ कालवलं, भरून ठेवलं. तासाभरात फसफसलं. सलीमभाई परतले तेव्हा "बघा, कसं तरारलंय!" असंही म्हणालो.

त्यांनी झाकण काढून वास घेतला. झाकण परत घट्ट लावलं.

"अब्बांचं नाही हे," एवढंच बोलले.

*

आता त्यांनी नवं खमीर धरलं आहे. मी कोऱ्या कागदावर रीतसर अर्ज लिहिला : चूक कबूल, खोटं बोललो तेही कबूल, माफी असावी, आणि नव्या खमिरातला एक गोळा मिळावा. सलीमभाईंनी चष्मा लावून तो पूर्ण वाचला, घडी घातली आणि बरणीखाली ठेवला.

"पिकू द्या, बाबूजी."

रोज सकाळी जाऊन विचारतो. सोबत नानकटाई नेतो. ते खातात.

अर्ज प्रलंबित आहे.