बाबांच्या ढाब्यावरचा आजारी माणूस

गेल्या दिवाळीनंतर अमरावतीचा एक माणूस आमच्या घरी यायला लागला. पन्नाशीचा, बोलायला गोड, खांद्याला कॅमेऱ्याची बॅग. एका मोठ्या पुढाऱ्याचा भर सभेत खून झाला होता, त्याला आता चाळीसेक वर्षं झाली. मारेकरी जागीच सापडला, खटला चालला, शिक्षा झाली. पण या माणसाचं म्हणणं असं की, सभेत मेला तो पुढारी नव्हताच; त्याच्यासारखा दिसणारा भलताच कोणी होता. खरा पुढारी आजाऱ्याचं सोंग घेऊन, संत्र्याच्या ट्रकात लपून नागपूरकडे निघाला आणि वाटेत कारंज्याच्या एका ढाब्यावर थांबला.

कारंज्यात हायवेवरचा एक जुना ढाबा बाबांचा. गुडघे गेल्यावर त्यांनी तो दुसऱ्याला चालवायला दिला आणि माझ्याकडे राहायला आले. मी दिवसभर ऑफिसात, ते घरी एकटे.

"काकाजी, ट्रकमध्ये कोणी आजारी माणूस होता का?" त्यानं पहिल्याच दिवशी विचारलं.

"असंन बाप्पा. ट्रक तं रोजच थांबत," बाबा म्हणाले.

पुढच्या खेपेला बाबांच्या सांगण्यात तो आजारी माणूस शाल पांघरून बाजेवर बसला होता. त्याच्या पुढच्या खेपेला त्यानं जेवण नको म्हणून दूध मागितलं. मग बाबांना त्याचा आवाजही आठवला. त्या माणसानं काढलेला बाबांचा व्हिडिओ गावभर फिरला. लोक घरी येऊन विचारू लागले, आणि बाबा रोज दाढी करून, धुतलेला सदरा घालून त्यांची वाट पाहू लागले.

माझा जीव नुसता जळत होता. खून झाला त्या वर्षी आमचा ढाबाच नव्हता! आम्ही सेलूला राहत होतो, बाबा कापसाच्या जिनिंगमध्ये हमाली करायचे. ढाबा दोन वर्षांनी झाला. मी चौथीत होते. पहिल्या भट्टीची माती आईनं तुडवली, पाणी मी ओतलं.

शेवटी ट्रंकेतून ढाब्याच्या परवान्याचा कागद काढला आणि त्या माणसापुढे ठेवला. "तारीख पाहा."

त्यानं पाहिली. खजील होईल असं वाटलं होतं. त्यानं तर खुशीत फोटो काढला. "ताई, हाच तर पुरावा! आधीचा परवाना गायब करून त्यांनी नंतरच्या तारखेचा दिला."

"कोणी?"

"तेच तर शोधून राह्यलो."

मी बाबांकडे वळले. "बाबा, तुम्ही तरी सांगा ना. आपण तवा सेलूले होतो का नाई?"

"तू लहान होती. तुले काय आठोते?"

"आई असती तर तिनं सांगितलं असतं."

बाबांनी सदरा नीट केला. मग कॅमेऱ्याकडे पाहत म्हणाले, "तिनंच तं दूध तापोलं होतं त्याच्यासाठी. साखर कमी टाकजो म्हणे तो."

मी उठून आत गेले. आईला जाऊन अकरा वर्षं झालीत. उलट बोलायला ती नव्हती, आणि माझं कोणी ऐकत नव्हतं.

तो माणूस अजून येतो. चहा मी देते, बोलत मात्र नाही. मागच्या आठवड्यात बाबांनी आईचा फोटो मागितला, व्हिडिओत दाखवायला. सापडत नाही, असं मी सांगितलं. तो माझ्या कपाटात, साड्यांच्या खाली आहे. बाबांशी मी आयुष्यात इतकं सरळ खोटं कधी बोलले नव्हते.