निंबा आबांचे दहा रुपये

भागीरथी वहिनीचा दिवस पहाटे चारला सुरू होतो. सुरतच्या लिंबायतमध्ये आमच्या गल्लीत तेव्हा नळाला पाणी येतं. हंडे भरले की ती मार्केटमधून आलेला साड्यांचा गठ्ठा सोडते. साडीवर टिकल्या चिकटवायच्या, लेस शिवायची, लोंबणारे धागे कापायचे. तरुणपणी याच वेळेला तिचं काम संपायचं. तमाशाचा वग चारच्या सुमाराला उरके, मग ती पायातले घुंगरू सोडायची.

हे गल्लीत फक्त मला ठाऊक होतं. तिचा नवरा दगा आणि मी लूमच्या कारखान्यात शेजारी-शेजारी काम करायचो. त्याने मला हे चालू यंत्रांमध्ये, कानाशी तोंड आणून सांगितलं होतं. त्या खडखडाटात बोललेलं तिसऱ्याला ऐकू जात नाही.

तिचा बाप अमळनेरकडच्या एका तमाशात ढोलकी वाजवायचा. ती लहानपणी गवळणींच्या मागच्या रांगेत उभी राहिली आणि विशीच्या आत वगातली राणी झाली. दिवसा ट्रकमध्ये पेट्यांवर झोपायचं, संध्याकाळी नव्या गावात तंबू उभा राहिला की तोंडाला रंग लावायचा. माईक बंद पडला तरी शेवटच्या माणसाला शब्द कळला पाहिजे, ही तिच्या बापाची शिस्त. ताप असला तरी नाचायचं. मी आयुष्यभर उभ्याने लूम चालवले. तिचं काम माझ्यापेक्षा हलकं होतं असं मला वाटत नाही.

दगाने तिला एका जत्रेत पाहिलं. लग्न करून सुरतला आणलं आणि एकच अट घातली, ही गोष्ट इथे कोणाला कळता कामा नये. तिने ती पाळली. भाकरी थापताना गुणगुणली नाही. गल्लीत बोलायची तेही दबक्या आवाजात. लोक म्हणायचे, बाई फार गरीब स्वभावाची.

त्यांची एकुलती मुलगी रंजना शिकली, पदवीधर झाली. घराच्या ओट्यावर शिकवणी घ्यायला लागली. मुलं तिला टीचर म्हणायची आणि वहिनी ते आतून ऐकायची. टिकल्या चिकटवणाऱ्या बाईची मुलगी टीचर, याहून जास्त तिला काही नको होतं. आपलं जुनं नाव त्या ओट्यापर्यंत पोचू नये, एवढीच तिची धडपड होती.

दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात गल्लीत आम्हा खानदेशी लोकांची देवी कानबाई बसली होती. सोमवारी सकाळी विसर्जनाची मिरवणूक निघाली. नथ घातलेला नारळ चौरंगावर, चौरंग बायकांच्या डोक्यावर, पुढे डफ. गाणं म्हणणाऱ्या छायाबाईचा घसा बसला. डफवाले थांबले.

"अव वहिनी, तू म्हण ना! तोंडमां मूग धरी ठेयेल शेत का?" छायाबाई म्हणाली.

वहिनी नाही म्हणत होती. बायकांनी तिला पुढे ढकललं. तिने डोळे मिटून एक ओळ उचलली. दुसऱ्या ओळीला डफवाला सरळ उभा राहिला. चौथ्या ओळीला बायका फुगड्या सोडून ऐकत होत्या. रंजनाही हसून टाळ्या वाजवत होती.

निंबा आबा म्हणजे गल्लीतलं सगळ्यांत जुनं माणूस. ते खूश झाले. त्यांनी दहाची नोट तिच्यावरून ओवाळली आणि हातात दिली.

वहिनीने नोट कपाळाला लावली. एक पाय मागे घेतला, कमरेत वाकून सलाम केला आणि खणखणीत आवाजात पुकारलं, "निंबा आबांकडून दहा रुपये बक्षीस! मंडळ त्यांचं आभारी आहे!"

तमाशात पैसे असेच घेतात. देणाऱ्याचं नाव पुकारल्याशिवाय नोट कमरेला खोचत नाहीत. तिच्या हाताने आणि तोंडाने ते आपोआप केलं. खानदेशातल्या माणसाला हे सांगावं लागत नाही.

"व माय! हाई ते तमाशानी बाई शे!" मागून कोणीतरी बोललं.

हशा पिकला. निंबा आबा हसले नाहीत, पण त्यांनी मान खाली घातली. वहिनीने ती नोट आधी मुठीत लपवली, मग चौरंगावर ठेवली. रंजना घराकडे निघाली होती.

"मी तुले सांगेल व्हतं," एवढंच दगा बोलला.

दुसऱ्या दिवशी ओट्यावर रंजनाने एका पोराच्या वहीवर बरोबरची खूण केली. ते उठलं, सलाम ठोकला आणि ओरडलं, "टीचरकडून दहा रुपये बक्षीस!" सगळी पोरं खिदळली. वहिनीच्या हातातली साडी तशीच राहिली. दिवाळीपर्यंत ओटा रिकामा झाला.

"मम्मी, तू काही चोरी केली नाहीस," रंजना एकदा म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "पण मला इथे शिकवता येणार नाही."

 वहिनी दुप्पट गठ्ठे आणायला लागली. डोळ्यांना चष्मा लागला, बोटांना डिंकाने भेगा पडल्या. चिकटवलेली टिकली मात्र कधी सुटली नाही. व्यापाऱ्याने तिचा एकही गठ्ठा परत पाठवला नाही.

त्या पैशांतून शहराबाहेर कामरेजला, जिथे त्यांना कोणी ओळखत नाही, एक खोली भाड्याने घेतली. तिची अनामत, फळा, बाकं, दारावर रंजनाच्या नावाची पाटी, सगळं टिकल्यांच्या मजुरीतून झालं.

पाटी लावायला निघताना रंजना म्हणाली, "तू पण चल मम्मी. फक्त तिथे जरा हळू बोल."

"तू जाय. माले आज व्यापारीले गठ्ठा देवाना शे," वहिनी म्हणाली.

ती खोली तिने अजून पाहिलेली नाही.