खाजणावरचा पत्ता

काशिनाथभाऊ गेल्याचा फोन त्यांच्या सुनेने केला, तेव्हा मी तुळिंजच्या हॉलबाहेर पायरीवर बसून त्यांच्याच नावाने बोटं मोडत होते. साडेअकरा वाजत आले होते, वर्गाच्या बायका बंद दारासमोर ताटकळत उभ्या होत्या आणि किल्ली भाऊंच्या खिशात. "मॅडम, पप्पा पहाटे गेले," ती म्हणाली. मला वाटलं, आचोळ्याला गेले. शेवटचे दोन महिने ते रोज पहाटे तिकडच्या एका चाळीला चक्कर मारून येत... "अजून आले नाहीत का?" असं मी विचारलंही. पलीकडे ती बिचारी रडायला लागली तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तो प्रश्न आठवला की आजही मला शरमल्यासारखं होतं.

पालिकेच्या त्या हॉलमध्ये बायकांना शिलाई शिकवायचं काम माझं आणि कारकुनी भाऊंची. मी वसईच्या बागायतदारांच्या घरातली, भाऊ खाडीकाठच्या भातशेतीवाल्या भोईरांपैकी. मी त्यांच्या 'पानी'ला हसायची. मग ते 'ण'वर मुद्दाम जोर देऊन म्हणत, "बाय, तुमचा पाणी पिला तरी तान तीच ना?" नोकरीत सगळे वेळ काढतात, हा माणूस पदरचा वेळ घालत बसायचा. मी हॉलवर रुजू झाले तेव्हा तिथे पायमशीनं होती. भाऊंनी वालीवच्या कारखान्यांच्या गाळ्यागाळ्यांतून हिंडून तिथे कुठली मशीनं चालतात ते पाहिलं आणि वर्षभर अर्ज करकरून तसलीच विजेची मशीनं आणवली. वर्गाची वेळ शाळेच्या वेळेशी जुळवली. कोपऱ्यात तान्ह्यांसाठी पाळणा बांधला, त्याची दोरी बऱ्याचदा त्यांच्याच हातात असे. "रस्ता नि गटार दिला म्हनजे शहराचा काम सपत नाय," ते म्हणत. "बाईला चार तास द्या, पोराला ठेवायला जागा द्या, वालीवला चालंल असा हुन्नर द्या. पुढचा ती बघून घेईल." मी त्यांना चिडवायची, "भाऊ, निवडणुकीला उभे राहा." पण ते म्हणत ते खरं होतं. घरात बसून खोट्या दागिन्यांचे मणी ओवणाऱ्या बायका वर्षभरात कारखान्यात कायम झालेल्या मी माझ्या डोळ्यांनी पाहिल्या आहेत.

त्यातलीच एक सुमन. आचोळ्याच्या चाळीत राहणारी, नवरा अंथरुणाला खिळलेला. वर्गाला आली तेव्हा तिच्याकडे कागद म्हणून काही नव्हता. अर्जाला तर रहिवासाचा पुरावा हवा. ही अडचण एकट्या सुमनची नव्हती. चाळी रातोरात उभ्या राहिलेल्या, करारनामा कोणी केलेला नाही, एकाच चाळीला तीन-तीन नावं. मी म्हणाले, परत पाठवा, आपण काय करणार? भाऊ माझ्यावर भडकले. दुसऱ्या दिवसापासून ते घरोघर जाऊ लागले. प्रत्येकीच्या दारात उभं राहून त्यांनी स्वतःच्या अक्षरात दोन दोन चिठ्ठ्या लिहिल्या: नाव, खोली, चाळ, जागेची खूण. एक तिच्याकडे, एक हॉलवर. चिठ्ठीवर भाऊंची सही आणि शिक्षिका म्हणून माझी. वरच्या कार्यालयाने ते चालवून घेतलं. सुमन शिकली, वालीवला लागली, आणि पहिल्यांदाच तिचा फंड कापला गेला म्हणून पेढे घेऊन आली. फंड कापला म्हणून पेढे वाटणारी बाई मी तोवर पाहिली नव्हती!

खरी गोम होती ती जागेच्या खुणेत. दुसऱ्या कोणी लिहिलं असतं, टाकीजवळ, पिठाच्या गिरणीमागे. भाऊंच्या डोळ्यांसमोर मात्र टाकी आणि गिरणी नव्हतीच. त्यांना तिथे अजून त्यांच्या आजाचं शिवार दिसायचं. त्यांनी लिहिलं, 'भोईरांचं खाजण'. भरतीचं खारं पाणी जिथे शिरतं ती खाडीची जमीन म्हणजे खाजण. तिच्यावर घर बांधायला परवानगी मिळत नाही, हे वसईची म्हणून मलाही माहीत आहे, भाऊंना तर पाठच होतं. पण त्यांनी ते प्रेमाने लिहिलं आणि मी न वाचता सही ठोकली.

दोन वर्षांनी वरून पत्र आलं की वर्गाच्या सगळ्या बायकांची पत्त्यांसह यादी पाठवा. आम्हाला वाटलं, वर्ग वाढवणार! भाऊंनी चिठ्ठ्यांवरून बघून सुवाच्य अक्षरात यादी केली आणि मी ती पाठवली. दीड महिन्यानंतर टेप घेतलेली दोन माणसं आचोळ्याच्या चाळीत आली. कुठल्या खात्याची ते कोणाला सांगितलं नाही, मोजलं आणि गेली. आमच्या यादीमुळे आली की आणखी कशामुळे, मला आजही ठाऊक नाही. भाऊंच्या मनात मात्र शंका उरली नव्हती. त्या दुपारी ते माझ्या मशीनसमोर येऊन बसले. चेहरा पांढराफटक.

"बाय, मी घराचा नाव नाय लिवला," ते म्हणाले. "मी जमिनीचा नाव लिवला."

मी समजूत घातली, पण ती त्यांच्या कानांपर्यंत पोचली नाही. तेव्हापासून त्या पहाटेच्या फेऱ्या सुरू झाल्या. दारांवर पाडकामाचे आकडे रंगवलेत का, भिंतीवर नोटीस लागलीय का, बघायचं आणि परतायचं. कोणाला काही सांगायचं नाही. "सांगला तर बाया वर्गाला यायच्या बंद होतील," ते म्हणत. "नि नाय सांगला तर?..." त्यांचं हृदय थांबलं असं डॉक्टर म्हणाले. मला विचाराल तर ते त्या दुपारीच थांबायला लागलं होतं.

मला या शहराचा राग येतो आणि त्याहून जास्त माझा. बाईला वर यायचं तर आधी पत्ता सांग म्हणायचं, आणि सांगितला की तोच तिच्या अंगावर येणार. शिकवायला घेतलेला पत्ता घर पाडायला वापरणार नाही, एवढं एक वचन शहराने द्यावं. ते नसेल तर आमच्या वर्गाला काय अर्थ आहे?

गेल्या रविवारी मी आचोळ्याला गेले. दारांवर लाल रंगात आकडे पडले आहेत. भरतीची वेळ होती, गटारातून पाणी वर येत होतं. सुमनला सगळं सांगायचं ठरवून गेले होते. तिने चहा ठेवला आणि देव्हाऱ्यातल्या तसबिरीमागून प्लास्टिकमध्ये जपलेला एक कागद काढला. भाऊंची चिठ्ठी.

"मॅडम, वो लोग फिर आयेंगे ना? तेव्हा हीच दाखवते. भाऊंनी स्वतः लिहून दिलंय, आपण इथलेच आहोत म्हणून. बाकी कुणी लिहून दिलं होतं आम्हाला?"

मी चिठ्ठी हातात घेतली. भाऊंचं टपोरं अक्षर, एकही खाडाखोड नाही. खाली माझी सही.

"ही कोणाला दाखवू नकोस," मी म्हणाले.

"का?"

बाहेर गटाराचं पाणी उंबऱ्यापर्यंत आलं होतं. सुमन माझ्याकडे बघत उभी होती आणि मी चहा पीत राहिले.